पाच घरं उजवीकडे

आलेख कागदावर एक त्रिकोण आहे. तीन घरं रुंद, चार घरं उंच. सांगितलं आहे एवढंच की तो पाच घरं उजवीकडे सरकवा. कितीतरी मुलं त्रिकोणाच्या उजव्या टोकापासून पाच घरं मोजतात, तिथे खूण करतात आणि त्या खुणेपासून नवा त्रिकोण काढायला घेतात. त्रिकोण सुबक येतो, बाजू बरोबर येतात, कोनही बरोबर येतात. फक्त तो पाचऐवजी आठ घरं सरकलेला असतो.

हात चुकला नाही, नजर चुकली. मुलाने दोन आकृत्यांमधली मोकळी जागा मोजली. मोजायचं होतं एका टोकापासून त्याच टोकाच्या नव्या जागेपर्यंत. मोकळी जागा डोळ्यांना आयती दिसते. हे दुसरं अंतर दिसत नाही. कोणता बिंदू कुठून निघाला आणि कुठे पोचला, हे मनात धरून ठेवलं तरच ते मोजता येतं. म्हणून शिक्षक शिरोबिंदूंना नावं देतात. अ निघाला, अ-डॅशला पोचला. नाव दिल्याशिवाय प्रवास मोजता येत नाही.

आणखी एक जागा आहे जिथे मुलं हमखास थांबतात. सहा घरं रुंदीची आकृती पाच घरं सरकवली की नवी आकृती जुनीवर एक घर चढते. मुलं लगेच खोडरबर उचलतात. दोन आकृत्या एकमेकींवर आल्या म्हणजे काहीतरी बिघडलं, असं त्यांना वाटतं. बिघडलेलं काहीच नसतं. आकृती सरकली म्हणजे ती जुन्या जागेतून पूर्ण बाहेर पडलीच पाहिजे, असा नियम कुणी केला? अर्ध्या घराने सरकली तरी ती सरकलीच. मुलाला हे सांगायला दोन मिनिटं पुरतात. पटायला एक तास लागला तर तो तास द्यावा.

*

जळगाव जिल्ह्यात, रावेर-यावलच्या पट्ट्यात, केळी पाच बाय पाच फुटांवर लावतात. कुणी सहा बाय पाचवर. पाच बाय पाचला एकरी सुमारे 1,740 झाडं बसतात. हे पाच फूट खोडाच्या मध्यापासून पुढच्या खोडाच्या मध्यापर्यंतचे. लावणीच्या दिवशी रोप वीतभर असतं आणि मधली मोकळी जागा जवळजवळ पाच फूट दिसते. काही महिन्यांत पानं एकमेकांत शिरतात, बागेत दुपारीही सावली पडते, आणि मोकळी जागा म्हणून काही उरत नाही. अंतर मात्र तेवढंच आहे. ज्या मुलाच्या घरी केळी आहे त्याला आलेख कागदावरची पाच घरं समजावण्यासाठी यापेक्षा लांब जायचं कारण नाही. त्याला विचारावं, तुमच्या बागेत दोन झाडांत किती अंतर? तो पाच फूट म्हणेल. मग विचारावं, पानं तर चिकटलेली आहेत, मग पाच फूट कसं?

याच बागेत आकृती सरकवण्याचं, म्हणजे स्थानांतरणाचं, जे उदाहरण आहे ते मला कुठल्याही पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा मोठं वाटतं. केळीचं झाड एकदाच घड देतं. पुढचं पीक पिलावर येतं. बाग कोणत्याही हंगामातली असो, मृगबाग की कांदेबाग, ज्याला पिलबाग घ्यायची असते तो बुंध्याशी आलेल्या पिलांतलं एकच राखतो आणि बाकीची कापून टाकतो. कोणतं राखायचं? जाणता बागाईतदार सगळ्या झाडांचं पील एकाच बाजूचं राखतो, शक्यतो ओळीच्याच दिशेचं. मग मूळ खोड गेलं, घड गेला, पिलाचं झाड झालं, आणि सगळी बाग फूटभर सरकली. शेजारी शेजारीच राहिले. ओळ ओळच राहिली. कुदळ न लावता, एकही झाड न उपटता एक अख्खी आकृती जागेवरून हलली.

आणि ज्याने पीलं हाताला येतील तशी राखली, याचं डावीकडचं, त्याचं उजवीकडचं, त्याच्या बागेतही प्रत्येक झाड फूटभरच सरकलेलं असतं. पण ओळी मोडलेल्या असतात, कुठे दोन झाडं जवळ आली, कुठे फट पडली, आत शिरायला वाट सापडत नाही.

सगळ्यांनी सारखंच अंतर जाणं पुरेसं नाही. दिशाही एकच लागते. पाठ्यपुस्तकात हे अर्ध्या ओळीत येतं आणि मुलं ते अर्ध्या ओळीएवढंच लक्षात ठेवतात.

*

आकृती किती आणि कोणत्या दिशेला सरकवायची, हे बाणाने दाखवतात. तो बाण कागदावर कुठे काढायचा? मुलं हा प्रश्न फार प्रामाणिकपणे विचारतात. आकृतीच्या डोक्यावर, पायाशी की कोपऱ्यात? उत्तर असं की कुठेही काढा. लांबी तीच आणि दिशा तीच ठेवा. बाणाला स्वतःची जागा नसते. ज्याने सगळ्यांची जागा बदलायची त्याला स्वतःची जागा नसावी, यात मला एक न्याय दिसतो.

असा जागा नसलेला बाण धुळ्याच्या गल्ल्यांतही सापडतो. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी 1819 च्या सुमाराला धुळे हे खानदेशाच्या कारभाराचं ठाणं केलं आणि जुन्या गावाला लागून सरळ रस्त्यांची नवी वस्ती आखली. धुळ्यात आजही पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात. गल्ली नंबर दोनहून चारला जाणं आणि चारहून सहाला जाणं, दोन्हींना फरक दोनचाच. आकड्यांत ते एकच स्थानांतरण आहे. पायांनी मोजलं तर दोन चाली सारख्या भरतीलच असं नाही, कारण गल्ल्या काही आलेख कागदाच्या रेघा नव्हेत. धुळ्याच्या मुलांना हे मोजायला पाठवावं. आकडा काय सांगतो आणि जमीन काय सांगते, यांतला फरक त्या वयात पायांनी कळलेला बरा.

*

जळगावहून धुळ्याला एरंडोल-पारोळ्यावरून जा, नाहीतर अमळनेरला वळसा घालून जा. किलोमीटर वेगळे, तिकीट वेगळं, वेळ वेगळा. निघालो कुठून आणि पोचलो कुठे, हे दोन्हींत एकच. विज्ञानाच्या तासाला हेच अंतर आणि विस्थापन म्हणून शिकवतात, गणिताच्या तासाला आकृती सरकवणं म्हणून. दोन तासांच्या मध्ये घंटा होते आणि मुलांच्या मनात या दोन गोष्टी वेगळ्या वह्यांत जातात. ती घंटा ओलांडणं हे शिक्षकाचं काम आहे.

तीन घरं उजवीकडे, मग चार घरं वर. किंवा आधी चार वर, मग तीन उजवीकडे. आकृती पोचते तिथेच, आणि थेट मोजलं तर पाच घरांवर. सरकवण्याला क्रमाचं बंधन नाही. फिरवणं आणि सरकवणं एकत्र आलं की बंधन येतं. आधी काय केलं यावर सगळं ठरतं. फिरवण्याचा आणखीही एक वेगळेपणा आहे. नव्वद अंशांत चार वेळा फिरवली की आकृती मूळ जागी येते. सरकवलेली आकृती त्याच दिशेने सरकवत राहिलं तर कधीच परत येत नाही. तिला परत आणायचं तर उलटा बाण लागतो, तेवढाच लांब.

फिरवताना एक बिंदू जागेवर राहतो. सरकवताना एकही राहत नाही. कुणालाही सूट नसते.

एक गोष्ट मोठ्या मुलांना जरूर सांगावी. हे सगळं सपाट कागदावर खरं आहे. धुळे आणि जळगाव दोन्ही 21 अक्षांशाच्या आसपास, मधलं सरळ अंतर ऐंशी किलोमीटरच्या थोडं वर. दोघांनाही एकाच वेळी सरळ उत्तरेला 30 अक्षांशापर्यंत नेलं, म्हणजे धुळं पंजाबात भटिंड्याच्या आसपास पोचलं, तर त्यांच्यातलं अंतर पाच-सहा किलोमीटरांनी कमी झालेलं असेल. दोघेही सरळ उत्तरेलाच गेले, सारखंच गेले, तरी जवळ आले. कारण रेखावृत्तं ध्रुवाकडे एकत्र येत जातात. गोल पृथ्वीवर आकृती अशी सरकवताच येत नाही. शाळेची वही सपाट आहे, हे तिचं फार मोठं भाग्य आहे.

*

एक आकृती पातळ कागदावर गिरवायची, उचलून दुसरीवर ठेवायची, आणि तंतोतंत बसली तर दोन्ही एकरूप. एकरूपतेचा धडा असा सुरू होतो आणि मुलांना तो लगेच पटतो. पण उचलून नेताना आकृती वाटेत बदलली नाही, हे कशावरून? मुलं असं विचारत नाहीत. मोठ्यांनी विचारलं. इसवी सनापूर्वी 300 च्या सुमाराला युक्लिडने आपल्या भूमितीच्या ग्रंथाच्या पहिल्याच पुस्तकात, चौथ्या विधानात, एक त्रिकोण दुसऱ्यावर ठेवला, आठव्या विधानात पुन्हा ठेवला, आणि पुढे ही युक्ती जमेल तितकी टाळली. ती त्याला पुरती रुचली नसावी, असं अभ्यासक मानतात. 1899 मध्ये हिल्बर्टने भूमितीची पायाभरणी नव्याने केली तेव्हा दोन बाजू आणि मधल्या कोनाच्या कसोटीचा गाभा त्याने सिद्ध न करता गृहीतच धरला. त्याआधी 1872 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, फेलिक्स क्लाइनने प्रश्नच उलटा केला होता. कोणत्या हालचालींनंतर काय तसंच राहतं, हे बघणं म्हणजेच भूमिती. म्हणजे सातवीच्या मुलाने गृहीत धरलेली गोष्ट पुढे भूमितीची व्याख्या झाली.

मुलांच्या हाती तर हे आधीपासून आहे. कंपासपेटीतला गुण्या पट्टीला टेकवायचा, पट्टी घट्ट धरायची, गुण्या सरकवायचा आणि रेघ मारायची. पुन्हा सरकवायचा, पुन्हा रेघ. समांतर रेषा काढायची ही रीत शाळेत सगळे शिकतात. पट्टी ही छेदिका, गुण्याचा कोन हा संगत कोन, आणि रेषा समांतर येतात कारण तो एकच कोन जागा बदलत गेला. संगत कोन समान का, असं विचारल्यावर मुलं नियम म्हणून दाखवतात. गुण्या हातात असताना विचारलं तर कदाचित नुसता तो सरकवून दाखवतील. मला दुसरं उत्तर जास्त आवडेल.

पट्टी हलली की सगळं जातं, हेही तिथेच कळतं.

*

नंदुरबार 1 जुलै 1998 ला वेगळा जिल्हा झाला. त्याआधी अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके धुळे जिल्ह्यात होते. नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या पाण्याची झळ बसलेली महाराष्ट्रातली 33 गावं याच दोन तालुक्यांतली. पुनर्वसनाच्या कागदावर गाव इथून तिथे जातं, एका बाणाने जावं तसं. प्रत्यक्षात गावातली काही घरं पाण्याखाली गेली, काही वर डोंगरावर राहिली, काहींना खाली तळोद्याकडे जमीन मिळाली. प्रत्येक घराचा बाण वेगळा. भूमितीच्या भाषेत बोलायचं तर आकृतीचे काही बिंदू जागेवर ठेवले आणि काही हलवले की ते स्थानांतरण राहत नाही, आकृती ताणली जाते किंवा तुटते. गावाचा आकार म्हणजे कोण कुणाच्या किती जवळ राहतं तेवढाच तर असतो. नकाशावर गाव हलवणाऱ्या प्रत्येकाला सातवीची भूमिती यायला हवी, असं मी अगदी मनापासून म्हणतो.

*

चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, सह्याद्रीच्या कुशीत पाटण आहे. तिथल्या देवीला लोक पाटणादेवी म्हणतात. शके 1128 चा, म्हणजे इसवी सन 1207 च्या आसपासचा एक शिलालेख इथे मिळाला आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ वंशातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेखाच्या शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. मठ चालावा म्हणून घाण्याच्या तेलापर्यंतच्या लहानसहान वस्तूंचा वाटा त्यांत लावून दिला आहे. गणित शिकवण्यासाठी गावाने तेल द्यायचं, हे खानदेशात आठशे वर्षांपूर्वी दगडावर लिहून ठेवलेलं आहे. याचा अभिमान मला कुठल्याही विजयस्तंभापेक्षा जास्त वाटतो.

त्या ग्रंथांत बीजगणित होतं. 1150 मध्ये पुऱ्या झालेल्या सिद्धान्तशिरोमणीचा तो एक भाग. त्यात एक साधा प्रश्न आहे. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू 15 आणि 20, तर कर्ण किती, आणि ही रीत खरी कशी ते दाखवा. भास्कराचार्य तसले चार त्रिकोण एका चौरसात मांडतात. चौरसाची प्रत्येक बाजू एका त्रिकोणाचा कर्ण होते आणि मधोमध एक लहान चौरस उरतो, बाजू 20 वजा 15, म्हणजे 5. प्रत्येक त्रिकोणाचं क्षेत्रफळ 150. चारांचं 600. मधल्या चौरसाचं 25. एकूण 625, म्हणून कर्ण 25.

हिशोब इथे संपतो. आकृती अजून संपलेली नाही.

तो मोठा चौरस जरा तिरका धरा, असा की आतल्या त्रिकोणांच्या बाजू आडव्या-उभ्या येतील.  आता मोठ्या चौरसाच्या दोन बाजू वर आहेत, दोन खाली. वरच्या दोन बाजूंना आतून चिकटलेले दोन त्रिकोण कापून घ्या. फिरवू नका, पालथे घालू नका. फक्त सरकवा. वरच्या डावीकडचा त्रिकोण खाली उजवीकडे न्या, त्याचा कर्ण समोरच्या बाजूला टेकेपर्यंत. वरच्या उजवीकडचा तसाच खाली डावीकडे. दोन्ही त्रिकोण बरोबर 25 सरकतात, कारण चौरसाच्या समोरासमोरच्या बाजूंत तेवढंच अंतर आहे. वर जे त्रिकोण बाजूच्या आत होते ते खाली बाजूच्या बाहेर येतात. तोंड कुणीच वळवलं नाही, तरी आतले बाहेरचे झाले. आणि आता समोर जी आकृती उभी आहे तिच्यात एक उभी रेघ मारली की दोन चौरस शेजारी शेजारी दिसतात, एक 20 चा, एक 15 चा. 400 आणि 225.

पायथागोरसचं प्रमेय म्हणून आपण जे पाठ करतो ते असं दोन सरकवण्यांत उलगडतं. एक कागद, एक कात्री आणि गुण्या. वर्गमूळ नाही, सूत्र नाही, बीजगणिताची अक्षरंही नाहीत. एकच विश्वास लागतो, की सरकवलेल्या तुकड्याचं क्षेत्रफळ वाटेत सांडत नाही. तो विश्वास सातवीच्या मुलाजवळ आहे. दहावीत गेल्यावर तो सूत्राखाली दबतो, म्हणून हा प्रयोग सातवीतच करून घ्यावा.

तुकडे सरकवताना मुलांचे हात बघावेत. काहीजण त्रिकोण उचलतात, हवेत नेतात आणि नेताना नकळत फिरवतात. मग तो बसत नाही. अशा वेळी कागदाला बोट लावून, टेबलावरून न उचलता सरकवायला सांगावं. तुकड्याची आडवी कड सगळ्या वाटेवर आडवीच राहिली पाहिजे. आखीव कागदावर केलं तर ती राहते की नाही हे मुलं स्वतःच तपासतात.

मग 15 आणि 20 बाजूला ठेवून 5 आणि 12 घ्यावेत. मधला चौरस 7 चा येतो, त्रिकोण 30-30 चे, एकूण 120 आणि 49, म्हणजे 169. तुकडे किती सरकले ते मुलांनी आधी पट्टीने मोजावं आणि 13 का आलं ते आपसांत बोलावं. शेवटी दोन्ही बाजू सारख्या घेऊन बघावं, दहा आणि दहा. मधला चौरस आक्रसत जाऊन एक बिंदू झालेला असतो, चारही त्रिकोणांची टोकं तिथे मिळतात. वरचे दोन तुकडे तसेच खाली सरकतात आणि दोन सारखे चौरस तयार होतात. या वेळी कर्ण 14 आणि 15 च्या मध्ये कुठेतरी येतो, पट्टीवर नेमका सापडत नाही. कितीही बारीक रेघांची पट्टी आणली तरी सापडणार नाही. तुकडे मात्र तंतोतंत तेवढेच सरकलेले असतात.